एसव्हीएमचं ट्रेनिंग लवकर कसं उरकायचं: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

रात्री ट्रेनिंग लावून दिलं, सकाळी येऊन बघितलं तर अजून चालूच. एसव्हीएम (सपोर्ट व्हेक्टर मशीन, नमुन्यांवरून वर्ग ओळखायला शिकणारी पद्धत) वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर बहुतेक जण तीनपैकी एक उपाय करतात: जास्त रॅमचं मशीन मागतात, जीपीयू शोधतात, नाहीतर डेटा अर्धा कापून टाकतात. तिन्ही उपाय शेवटी करायचे आहेत, तेही गरज पडली तर. वेळ खाणारी गोष्ट सहसा एकटं ट्रेनिंग नसते. स्केलिंग (सगळे आकडे एका मापात आणणं) न करता, मोजमाप न करता, पूर्ण डेटावर लावलेली शेकडो ट्रेनिंग वेळ खातात. म्हणून अल्गोरिदम बदलण्याआधी कामाचा क्रम बदलायचा.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना इंदुरात सहज जमवता येतील अशी दोन उदाहरणं घेतली आहेत.

उदाहरण अ: देवनागरीतलं वाक्य मराठी आहे, हिंदी आहे की माळवी, हे ओळखायचं. २ लाख वाक्यं, ३ वर्ग.

उदाहरण आ: सोयाबीनच्या दाण्यांचे फोटो काढून दाणा चांगला, तुटका, सुरकुतलेला, डागी की खडा-माती, हे ओळखायचं. छावणीच्या किंवा लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत हातानं होणारी प्रतवारी इथे कॅमेऱ्यानं करायची. ६४,००० दाणे, प्रत्येकाची २० मोजमापं (लांबी, रुंदी, क्षेत्रफळ, गोलाई, रंगाच्या सरासऱ्या वगैरे), ५ वर्ग.

आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे घालून तोच हिशोब करा. साधनं म्हणून पायथनमधलं सायकिट-लर्न धरलं आहे. त्याच्या पोटात लिबएसव्हीएम आणि लिबलिनियर याच दोन लायब्ररी चालतात, त्यामुळे त्या थेट वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे.

## सुरू करण्याआधी: वेळ नेमका कुठे जातो

कर्नल म्हणजे दोन नमुने किती सारखे आहेत ते मोजणारं सूत्र. कर्नल एसव्हीएम शिकवायला लिबएसव्हीएम एसएमओ (सिक्वेन्शियल मिनिमल ऑप्टिमायझेशन) ही पद्धत वापरतं. प्रत्येक नमुन्याला एक अल्फा असतो, म्हणजे वर्गांमधली सीमा ठरवताना त्या नमुन्याला मिळणारं वजन. सगळ्या अल्फांची चिन्हांसकट बेरीज शून्य राहिली पाहिजे अशी अट असल्यामुळे एकट्याला हलवता येत नाही, निदान दोन तरी एकत्र हलवावे लागतात. एसएमओ दर फेरीत अशी एक जोडी निवडतं आणि तिचं उत्तर थेट सूत्रानं काढतं. त्यासाठी कर्नल मॅट्रिक्सच्या दोन ओळी लागतात. त्या कॅशेत (आधी काढलेल्या ओळी साठवायच्या जागेत) असतील तर फेरी स्वस्त. नसतील तर प्रत्येक ओळीसाठी त्या नमुन्याची बाकी सगळ्यांशी तुलना पुन्हा करावी लागते, म्हणजे नमुन्यांची संख्या गुणिले फीचरची (दर नमुन्यामागच्या मोजमापांची) संख्या इतकं काम.

यातून तीन गोष्टी हातात येतात. फेऱ्या किती होतील हे सी (चुकांना किती दंड), गॅमा (मोठा असेल तितका एका नमुन्याचा प्रभाव जवळपासच राहतो) आणि स्केलिंगवर ठरतं. एक फेरी किती महाग पडेल हे कॅशेवर ठरतं. आणि एकूण वेळ नमुन्यांच्या संख्येच्या वर्गाच्या (स्क्वेअर) आणि घनाच्या (क्यूब) मध्ये कुठेतरी वाढतो, म्हणजे डेटा दुप्पट केला की वेळ चार ते आठ पट. पुढचा प्रत्येक उपाय या तीनपैकी कशावर तरी काम करतो. एखादा उपाय कशावर काम करतो हे सांगता येत नसेल तर तो करू नका.

## पायरी १: डेटा साफ करा, मगच वाटणी

१.१ डुप्लिकेट काढा. बातम्यांतून गोळा केलेल्या वाक्यांत तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. एक प्रत ठेवा आणि ते किती वेळा आलं तो आकडा "सॅम्पल वेट" म्हणून द्या. वेट त्या नमुन्याचा सी तितक्या पटीनं वाढवतं, त्यामुळे उत्तर गणितानं तेच येतं आणि मॅट्रिक्स लहान होतं. नमुने ३०% घटले तर वर्गाच्या हिशोबानंही वेळ जवळपास निम्मा होतो.

१.२ गटानं वाटा. एकाच बातमीतली वाक्यं, एकाच फोटोतले दाणे, हे ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे गेले तर अचूकता खोटी वाढते. फोटोतला उजेडच मॉडेल पाठ करतं. बातमीचा किंवा फोटोचा क्रमांक गट म्हणून द्या आणि "ग्रुप के-फोल्ड" वापरा.

१.३ देवनागरीचा मजकूर असेल तर युनिकोड एकसारखं करा. एनएफसी नॉर्मलायझेशन आधी. त्यानं "र" अधिक नुक्ता असं लिहिलेलं अक्षर "ऱ" मध्ये मिळतं. पण "दुसऱ्या" मधला अर्धा र काही कीबोर्ड "ऱ" वापरून लिहितात, काही र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. एनएफसी या दोघांना एक करत नाही. ते बदल स्वतः करा, नाहीतर एकाच शब्दाची दोन फीचर होतात.

१.४ शब्द तोडणारा नमुना बदला. ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि कुठलीही सूचना न देता घडते. सायकिट-लर्नच्या टीएफ-आयडीएफ व्हेक्टरायझरचा (मजकुराचे आकडे करणाऱ्या साधनाचा) मूळ नमुना किमान दोन "शब्दाक्षरं" शोधतो, आणि पायथन काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाक्षर मानत नाही. परिणाम असा: "मराठी" चं "मर" उरतं, "आहे" चं "आह" उरतं, आणि "है" तर संपूर्ण गळून जातं, कारण एकटा "ह" दोन अक्षरांच्या अटीत बसत नाही. मराठी आणि हिंदी वेगळं करायला सगळ्यात उपयोगी शब्दच असा नाहीसा होतो. नंतर मुलं सी आणि गॅमाशी झगडत बसतात. उपाय सोपा: शब्द हवे असतील तर "मोकळी जागा सोडून सलग असलेलं सगळं" असा नमुना द्या, भाषा ओळखायची असेल तर शब्दांऐवजी शब्दाच्या हद्दीतले २ ते ४ अक्षरांचे तुकडे घ्या. "ळ दिसला की मराठी" असला सोपा नियम इथे टिकत नाही, कारण माळवीतही ळ आहे.

> तपासा: व्हेक्टरायझर चालवल्यावर फीचरच्या यादीतले पन्नास तुकडे छापून डोळ्यांनी वाचा. मात्रा गायब दिसल्या तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: स्केलिंग

सोयाबीनच्या उदाहरणात क्षेत्रफळ पिक्सेलमध्ये हजारांत, गोलाई ० ते १ मध्ये. आरबीएफ हा नेहमीचा कर्नल दोन नमुन्यांमधल्या अंतराच्या वर्गावर चालतो. दोन दाण्यांच्या क्षेत्रफळात हजाराचा फरक असेल तर वर्ग दहा लाख. गोलाईचा फरक त्यात दिसतसुद्धा नाही. प्रत्येक दाणा दुसऱ्यापासून "अनंत" दूर, कर्नलची किंमत शून्य, आणि जवळपास प्रत्येक नमुना सपोर्ट व्हेक्टर (अल्फा शून्य नसलेला, सीमा ठरवणारा नमुना). अशा स्थितीत ट्रेनिंग लांबतं आणि उत्तरही निरुपयोगी निघतं.

१. दाट आकड्यांच्या टेबलाला "स्टँडर्ड स्केलर": सरासरी ०, विचलन १.
२. विरळ मॅट्रिक्सला सरासरी वजा करायची नाही. शून्यांच्या जागी आकडे आले की विरळपणा संपतो. तिथे "मॅक्स-अ‍ॅब्ज स्केलर". टीएफ-आयडीएफची प्रत्येक ओळ आधीच एक लांबीची केलेली असते, तिला काहीच लागत नाही.
३. स्केलर फक्त ट्रेन भागावर बसवा, टेस्टला तोच लावा. लिबएसव्हीएम थेट वापरत असाल तर ट्रेनची रेंज फाइलमध्ये साठवा आणि टेस्टला तीच फाइल द्या. दोन्ही वेगवेगळे स्केल केले की टेस्टची अचूकता कोसळते आणि दोष मॉडेलला लागतो.
४. क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे भाग पाडून आळीपाळीनं एकेका भागावर तपासणं) करायचं असेल तर स्केलर आणि एसव्हीएम एकाच पाइपलाइनमध्ये घाला.

> सावधान: विरळ मॅट्रिक्स कधीही दाट करू नका. २ लाख वाक्यं आणि ३ लाख तुकडे असतील तर दाट रूपात ४८० जीबी लागतील. विरळ रूपात एका वाक्यात साधारण २४० तुकडे धरले, तुकड्यामागे १२ बाइट, तर सगळं मिळून ६०० एमबीच्या आत बसतं. पाच वाक्यांपेक्षा कमी ठिकाणी आलेले तुकडे गाळले की आणखी खाली येतं.

## पायरी ३: लहान तुकड्यांवर वेळ मोजा

पूर्ण डेटावर काहीही लावण्याआधी २,०००, ४,००० आणि ८,००० नमुन्यांवर एकेक ट्रेनिंग करा. नमुने वर्गांच्या प्रमाणात उचला. सेटिंग तिन्ही वेळा तीच: सी १, गॅमा "स्केल".

समजा १.६, ८ आणि ४० सेकंद लागले. दर दुपटीला वेळ पाच पट. ८,००० पासून ६४,००० पर्यंत तीन दुपटी, म्हणजे ४० × १२५ = ५,००० सेकंद, जवळपास ८३ मिनिटं. एका ट्रेनिंगला हे चालेल. आता लिबएसव्हीएमच्या मार्गदर्शिकेतलं नेहमीचं जाळं धरा: सी साठी २ च्या उणे ५ व्या ते १५ व्या घातापर्यंत ११ किमती, गॅमासाठी उणे १५ ते ३ पर्यंत १० किमती, आणि पाच भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन. ५५० ट्रेनिंग झाली. प्रत्येक ८०% डेटावर म्हणून ५० मिनिटं धरलं तरी १९ दिवस होतात. "मशीन हँग झालं" म्हणतात ते हेच.

> तपासा: दुपटीला आठ पटींहून जास्त वाढ दिसली तर कॅशे किंवा रॅम संपते आहे, नाहीतर स्केलिंग राहिलं आहे. मागे जा.

## पायरी ४: कर्नल खरोखर लागतो का ते ठरवा

ही पायरी वगळली तर बाकी सगळी मेहनत वाया जाऊ शकते. आधी लिनियर मॉडेल चालवा. लिनियरमध्ये कर्नल मॅट्रिक्सच नसतं. लिबलिनियर एक एक अल्फा घेऊन वजनांचा व्हेक्टर सरळ सुधारत जातं, आणि दर सुधारणेचा खर्च त्या ओळीतल्या शून्य नसलेल्या आकड्यांइतकाच. इथे बेरीज शून्य राहण्याची अट नाही म्हणून अल्फा एकट्यानं हलू शकतो.

निर्णय असा घ्या:

- फीचर लाखांत आणि विरळ (उदाहरण अ): लिनियर. आरबीएफ करून बघायचाच असेल तर ५,००० वाक्यांवर बघा. फायदा सहसा दिसत नाही.
- फीचर थोडी, नमुने भरपूर (उदाहरण आ): ८,००० दाण्यांवर लिनियर आणि आरबीएफ दोन्ही चालवा. फरक क्रॉस-व्हॅलिडेशनच्या भागाभागांतल्या चढउतारापेक्षा कमी असेल तर लिनियरवर थांबा.

> सावधान: लिनियर हवं म्हणून "एसव्हीसी" ला लिनियर कर्नल देऊ नका. ते लिबएसव्हीएमवरच चालतं आणि वर्गाच्या हिशोबानंच वाढतं. "लिनियर-एसव्हीसी" वेगळं आहे. दोघांची उत्तरं तंतोतंत सारखी येणार नाहीत: लिनियर-एसव्हीसीचा मूळ लॉस (चुकीचा दंड मोजणारं सूत्र) वर्ग केलेला हिंज असतो, ते छेदालाही (इंटरसेप्ट) दंड लावतं, आणि बहुवर्गात एक-विरुद्ध-बाकी पद्धत वापरतं.

## पायरी ५: लिनियरचा रस्ता

५.१ नमुने फीचरपेक्षा जास्त असतील तर "ड्युअल" (वजनांऐवजी अल्फांवरून उत्तर काढणं) बंद. फीचर जास्त असतील तर चालू. नव्या आवृत्त्यांत "ऑटो" हे स्वतः ठरवतं. साधा हिंज लॉस हवा असेल तर ड्युअलशिवाय पर्याय नाही.

५.२ "कमाल फेऱ्या संपल्या" अशी सूचना आली की लोक फेऱ्या १,००० च्या १ लाख करतात. उलट क्रमानं बघा. स्केलिंग झालं आहे का? सी उगाच मोठा आहे का? ड्युअल बरोबर निवडला आहे का? तिन्ही ठीक असतील तरच फेऱ्या वाढवा.

५.३ सी शोधताना थेट लिबलिनियरचा "-C" (इंग्रजी कॅपिटल सी) हा पर्याय वापरा. तो लहान सी पासून सुरू करून आधीच्या उत्तरावरून पुढचं ट्रेनिंग उचलतो, दरवेळी शून्यापासून नाही.

५.४ डेटा रॅममध्ये मावत नसेल किंवा नमुने दहा लाखांच्या पुढे असतील तर "एसजीडी क्लासिफायर" (डेटा थोडा थोडा घेऊन शिकणारी पद्धत), हिंज लॉस. इथे सी नसतो, अल्फा नावाचा वेगळा आकडा असतो आणि त्याचं नातं असं: अल्फा = १ भागिले (नमुने × सी). ४०,००० नमुने आणि सी १ असेल तर अल्फा ०.००००२५. मूळ ०.०००१ तसाच ठेवला तर नकळत सी ०.२५ झाला. "एसजीडीची अचूकता कमी येते" या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. एसजीडी क्रमाला हळवं आहे; तुकड्यातुकड्यानं डेटा देत असाल तर आधी वर्ग मिसळून घ्या. सगळी मराठी वाक्यं आधी आणि हिंदी नंतर दिली तर मॉडेल शेवटी आलेल्या भाषेकडे झुकतं.

> तपासा: एकाच ५,००० नमुन्यांवर लिनियर-एसव्हीसी आणि एसजीडी चालवा. अचूकतेत ठळक फरक असेल तर अल्फाचा हिशोब चुकला आहे किंवा फेऱ्या कमी पडल्या आहेत.

उदाहरण अ इथेच संपतं. पुढचं सगळं दाण्यांसाठी.

## पायरी ६: कर्नलच लागणार असेल तर आधी या चार गोष्टी

६.१ कॅशे वाढवा. सायकिट-लर्न २०० एमबी देतं, लिबएसव्हीएम थेट चालवलं तर १००. पाच वर्गांत लिबएसव्हीएम जोड्याजोड्यांनी शिकतं: १० जोड्या. वर्ग सारखे असतील तर प्रत्येक जोडीत २५,६०० नमुने. कॅशेत प्रत्येक आकड्याला ४ बाइट, म्हणजे एक ओळ १०० केबी. २०० एमबीत अशा २,०४८ ओळी मावतात, एकूण ओळींच्या ८%. २,००० एमबी दिले तर २०,४८० ओळी, ८०%. एकाच आकड्याचा बदल, पण कॅशे अपुरी पडत असेल तर याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. रॅम ८ जीबी असेल तर कॅशे २ जीबीच्या वर नेऊ नका.

६.२ "प्रोबॅबिलिटी" बंद ठेवा. ती चालू केली की आत पाच भागांचं आणखी एक क्रॉस-व्हॅलिडेशन चालतं. शोधाच्या काळात त्याची काहीच गरज नसते. शक्यता हव्याच असतील तर शेवटच्या मॉडेलवर वेगळं कॅलिब्रेशन करा.

६.३ एक-विरुद्ध-बाकीचं वेष्टण घालू नका. लिनियरला ते योग्य, कर्नलला महाग. जोडीच्या पद्धतीत १० ट्रेनिंग, पण प्रत्येकात दोन पंचमांश डेटा. वर्गाच्या हिशोबानं १० × ०.१६ = १.६. एक-विरुद्ध-बाकीत पाच ट्रेनिंग पूर्ण डेटावर, म्हणजे ५. तिप्पट काम झालं.

६.४ टॉलरन्स (उत्तर किती जवळ आलं की थांबायचं तो आकडा) शोधात सैल, शेवटी घट्ट. शोधताना ०.०१, अंतिम ट्रेनिंगला ०.००१. सैल टॉलरन्सला "श्रिंकिंग" बंद करून बघा. श्रिंकिंग म्हणजे हद्दीवर अडकलेले अल्फा तात्पुरते बाजूला ठेवणं. फेऱ्या भरपूर असतील तर त्याचा फायदा, थोड्या असतील तर ते परत आणून तपासण्याचा खर्चच जास्त. लिबएसव्हीएम कधीकधी स्वतःच छापतं की ते बंद केल्यास वेग वाढेल. तेव्हा ऐका.

> सावधान: फेऱ्यांना मर्यादा घालून वेळ वाचवू नका. मर्यादेवर तोडलेलं एसएमओ अर्धवट उत्तर देतं आणि ते किती अर्धवट आहे हे अचूकतेवरून कळत नाही. "फिट स्टेटस" ० नसेल तर तो निकाल टाकून द्या.

## पायरी ७: सी आणि गॅमा लहान डेटावर शोधा

इथेच १९ दिवसांचे काही मिनिटं होतात.

१. ५,००० दाणे वर्गांच्या प्रमाणात उचला, फोटोंचे गट न फोडता.
२. जाळं विरळ ठेवा. सी: ०.१२५, १, ८, ६४, ५१२. गॅमा: स्केलिंगनंतर १/२० म्हणजे ०.०५ मध्यावर धरून ०.००३, ०.०१२५, ०.०५, ०.२, ०.८.
३. तीन भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन. २५ × ३ = ७५ ट्रेनिंग. पायरी ३ च्या मोजमापात ४,००० नमुन्यांना ८ सेकंद लागले होते, इथे प्रत्येकात ३,३०० च आहेत. म्हणजे सगळं मिळून दहा मिनिटांच्या आसपास. मोठ्या सी च्या ओळी थोडा जास्त वेळ घेतील.
४. उत्तम जोडी जाळ्याच्या कडेला आली तर त्या बाजूला जाळं वाढवा. मध्ये आली तर तिच्याभोवती अर्ध्या अंतरानं एक लहान जाळं.
५. सापडलेली जोडी १६,००० वर तपासा, सी पाव पट आणि चौपट करूनही. नमुने वाढले की चुकांच्या बेरजेचं वजन आपोआप वाढतं, म्हणून लहान डेटावरचा उत्तम सी मोठ्या डेटावर थोडा खाली सरकू शकतो.

"हाव्हिंग ग्रिड सर्च" हेच काम टप्प्यांनी करतं: सगळ्या जोड्या थोड्या नमुन्यांवर, वरचा एक तृतीयांश पुढे, नमुने तिप्पट. चांगलं आहे, पण पहिल्या फेरीत वर्गागणिक दोनशे तरी नमुने पडतील असा किमान आकडा स्वतः द्या. फारच थोड्या नमुन्यांवर लहान गॅमा, म्हणजे गुळगुळीत सीमा, उगाच जिंकते आणि योग्य गॅमा पहिल्याच फेरीत बाद होतो.

> सावधान: "एन जॉब्स" उणे १ (सगळे कोर वापरा) आणि कॅशे २,००० एमबी एकत्र देऊ नका. आठ कोरवर आठ ट्रेनिंग एकाच वेळी, प्रत्येकाची आपली कॅशे: १६ जीबीपर्यंत. रॅम संपली की डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि सगळं एका कोरपेक्षाही हळू चालतं. शोधात कॅशे २०० च पुरे, ५,००० नमुन्यांचं पूर्ण मॅट्रिक्सच १०० एमबी आहे.

निकालाबरोबर सपोर्ट व्हेक्टर मोजा. हा आकडा फार बोलका आहे आणि कोणी बघत नाही.

- जवळपास सगळे नमुने सपोर्ट व्हेक्टर, ट्रेनवर अचूकता शंभराजवळ, टेस्टवर वाईट: गॅमा फार मोठा.
- निम्म्याहून जास्त, आणि त्यातले बहुतेक सी च्या हद्दीवर टेकलेले: सी फार लहान, किंवा वर्ग एकमेकांत मिसळलेले, किंवा लेबलं चुकीची. सुरकुतलेला आणि डागी हे दोन वर्ग दोन माणसांनी वेगळे लावले असतील तर इथे दिसतं. कुठलाही अल्गोरिदम ते भरून काढणार नाही. लेबलं पुन्हा बघा.
- सपोर्ट व्हेक्टर थोडे पण फेऱ्या प्रचंड: सी फार मोठा. अल्फांना लांबचा पल्ला गाठायचा आहे. सी आठपट कमी करून अचूकता बघा, बहुधा हलणार नाही.

## पायरी ८: तरीही जड जात असेल तर कर्नलचा अंदाज

पूर्ण डेटावरचं एक ट्रेनिंग ८३ मिनिटांत होत असेल तर ही पायरी लागतच नाही, ते एकदा चालवा. नमुने लाखांत गेले तर मात्र लागते.

निस्ट्रॉम: डेटातून काही नमुने खुणेचे म्हणून उचलतात, प्रत्येक दाण्याची त्या खुणांशी तुलना करून नवी फीचर बनवतात, आणि त्यावर लिनियर मॉडेल. खुणा ३०० पासून सुरू करा, मग ६००, १,२००. अचूकता वाढायची थांबली की थांबा. रँडम फुरिए फीचर डेटा न बघता बनतात. चूक फीचरच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे निम्मी करायची तर चौपट फीचर. दाण्यांसारख्या डेटावर आधी निस्ट्रॉम करून बघा.

तीन चुका टाळा. पहिली, गॅमा स्वतः द्या, पायरी ७ मधलाच. रँडम फुरिएचा मूळ गॅमा १ असतो, तो २० फीचरवर फार मोठा पडतो. दुसरी, सी मात्र नव्यानं शोधा, लिनियर मॉडेलचा लॉस वेगळा आहे. तिसरी मेमरीची: ६४,००० दाणे × १,००० खुणा × ८ बाइट = ५१२ एमबी, आणि लिनियर-एसव्हीसी या दाट मॅट्रिक्सची आपल्या पद्धतीनं प्रत काढतं, दर आकड्याला १६ बाइट, म्हणजे आणखी १ जीबी. ८ जीबीच्या मशीनवर इतर काही चालू असेल तर एसजीडी घ्या, ते प्रत काढत नाही.

याचा फायदा वापरतानाही होऊ शकतो. १८,००० सपोर्ट व्हेक्टरचं मॉडेल एका दाण्यासाठी १८,००० तुलना करतं, १,००० खुणांचं निस्ट्रॉम १,०००. पट्ट्यावरून दाणे सरकत असतील तर हा फरक ट्रेनिंगच्या वेळेपेक्षा महत्त्वाचा.

जीपीयूवर चालणारं थंडर-एसव्हीएम याच्याही नंतर. काही हजार नमुन्यांवर डेटा ने-आण करण्यातच वेग जातो.

## पायरी ९: अंतिम ट्रेनिंग

१. टॉलरन्स ०.००१, कॅशे २,०००, एकच काम चालू, बाकी प्रोग्रॅम बंद.
२. वर्ग असमान असतील तर "क्लास वेट" संतुलित. मंडीच्या मालात खडा-माती थोडी असते. नुसती अचूकता बघितली तर ती कधीच न ओळखणारं मॉडेलही चांगलं दिसेल. वर्गागणिक एफ-१ (प्रिसिजन आणि रिकॉल यांचा एकत्रित आकडा) बघा. हे वेट पायरी ७ मध्येही तसंच असलं पाहिजे, मध्येच बदललं तर सी चा शोध वाया.
३. निस्ट्रॉम वापरलं असेल तर ८,००० दाण्यांवर खऱ्या आरबीएफशी तुलना करा: किती दाण्यांवर दोघांचं उत्तर वेगळं येतं आणि कोणत्या वर्गांत. एकूण अचूकता सारखी असूनही एखादा लहान वर्ग पूर्ण बुडालेला असू शकतो.
४. टेस्ट भाग आत्ता, एकदाच उघडा.
५. स्केलरसकट पूर्ण पाइपलाइन साठवा, सोबत लायब्ररीची आवृत्ती, रँडम सीड आणि लागलेला वेळ लिहून ठेवा.

ट्रेनिंग पायरी ३ च्या अंदाजाच्या दुपटीपुढे गेलं तर वाट बघत बसू नका. थांबवा आणि या क्रमानं बघा: रॅम भरून डिस्कवर अदलाबदल चालू आहे का, पाइपलाइनमधून स्केलर गळला आहे का, प्रोबॅबिलिटी चालू राहिली आहे का, आणि अंदाज काढताना सी १ असताना आता तो ५१२ तर नाही ना. शेवटचं असेल तर नव्या सी नं २,०००, ४,००० आणि ८,००० ची मोजणी पुन्हा करा आणि मगच ठरवा.